कराचीत राहिलेली सिस्टर

आमच्या आजीचं माहेर कराचीचं. आता हे ऐकून लोक चमकतात, पण तिच्या लहानपणी त्यात नवल नव्हतं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कारकून, शिक्षक, रेल्वेतले नोकरदार अशी कितीतरी मराठी कुटुंबं मुंबईहून बोटीनं तिकडे गेली आणि रुळली. कराचीतली जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं चालते. आजीचे वडील रेल्वेच्या कचेरीत होते.

आजी कराचीच्या गोष्टी सांगायची. उंटाच्या गाड्या, क्लिफ्टनच्या किनाऱ्यावरचा वारा आणि मंगोपीरची सहल. मंगोपीर म्हणजे शहराच्या उत्तरेला, उजाड टेकड्यांमधला दर्गा. तिथे गरम पाण्याचे झरे आणि तळ्यात मगरी. पिराच्या डोक्यातल्या उवांच्या त्या मगरी झाल्या, अशी तिथली दंतकथा. ती ऐकून आम्ही मुलं आपापली डोकी खाजवत हसायचो. मग आजी जरा थांबायची आणि पुढचं हलक्या आवाजात सांगायची.

झऱ्याकाठी रक्तपितीची, म्हणजे कुष्ठरोगाची, माणसं बसलेली असत. गंधकाच्या पाण्यानं रोग धुऊन निघतो, या आशेनं लांबलांबून आलेली. पायांना चिंध्या बांधलेल्या. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या आईनं तिच्या हातावर एक आणा ठेवला आणि बजावलं, "लांबूनच टाक हो, जवळ जाऊ नकोस." नाणं धुळीत पडलं. समोरच्या बाईला बोटंच नव्हती. दोन्ही मनगटांच्या चिमटीत ती नाणं धरू बघत होती आणि ते पुन्हा पुन्हा निसटत होतं. "मी दोन पावलं पुढे होऊन उचलून द्यायला हवं होतं रे," आजी म्हणायची. फाळणीत घरदार सोडून बोटीनं मुंबईला यावं लागलं, त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. त्या आण्याबद्दल मात्र दरवेळी बोलायची.

ऑगस्ट २०१७ मध्ये मी तिला पेपरातली एक बातमी वाचून दाखवली. कराचीत डॉ. रूथ फाऊ नावाच्या जर्मन सिस्टर १० तारखेला, वयाच्या ८७ व्या वर्षी वारल्या होत्या. कुष्ठरोग्यांसाठी ५७ वर्षं राबल्या होत्या. आजी उठून बसली. "सगळं वाच," म्हणाली. त्या दिवसापासून मी या बाईबद्दल मिळेल ते वाचत आलो.

रूथ फाऊ यांचा जन्म १९२९ चा, लाइपझिगचा. महायुद्धातल्या बाँबवर्षावात त्यांचं घर गेलं. पुढे त्या भागावर रशियाचा अंमल आला तेव्हा त्या सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत गेल्या आणि डॉक्टर झाल्या. १९५३ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि १९५७ मध्ये 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या संघात प्रवेश केला. हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत स्थापन झालेला. धर्मसंस्थांवर गदा आलेली, म्हणून या भगिनींनी वेगळा वेश घातला नाही, मठाच्या भिंतीही बांधल्या नाहीत. लोकांत राहायचं, लोकांसारखं दिसायचं. कराचीत रूथ सलवार-कमीज घालून, डोक्यावर ओढणी घेऊन वावरल्या, ते या परंपरेला धरूनच.

खरं तर त्या भारतात यायला निघाल्या होत्या. व्हिसाची अडचण आली आणि मार्च १९६० मध्ये कराचीला थांबावं लागलं. मॅक्लिऑड रोडजवळ कुष्ठरोग्यांची वस्ती होती आणि त्यांच्याच संघाच्या भगिनी तिथे एका झोपडीत दवाखाना चालवत. रूथ तो बघायला गेल्या. एक तरुण, त्यांच्याच वयाचा, हातापायांवर सरपटत आत आला. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं आणि आजूबाजूच्यांनाही नाही. माणसानं जनावरासारखं चालावं आणि ते सगळ्यांच्या अंगवळणी पडावं, हे त्यांना सोसवलं नाही. त्या तिथेच राहिल्या.

कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाला घालतात. कातडी बधिर होते. भाजलं, कापलं, रात्री उंदरानं कुरतडलं तरी कळत नाही. जखमा चिघळत जातात आणि बोटं जातात. म्हणजे नुसती दया पुरी पडत नाही, शास्त्र लागतं. म्हणून १९६१ मध्ये रूथ वेल्लोरला आल्या आणि या रोगाच्या उपचाराचं शिक्षण घेऊन परतल्या. १९६३ मध्ये कराचीच्या सदर भागात 'मेरी ॲडलेड लेप्रसी सेंटर' पक्क्या इमारतीत गेलं. रुग्णांमधून आणि त्यांच्या नात्यागोत्यांतून तरुण निवडून त्यांना कुष्ठतंत्रज्ञ म्हणून तयार केलं. १९६८ मध्ये सरकारला सोबत घेऊन देशव्यापी मोहीम उभी राहिली. बलुचिस्तानच्या वाळवंटापासून उत्तरेच्या डोंगरांपर्यंत त्या स्वतः फिरल्या. घरच्यांनी गुहेत, गोठ्यात टाकून दिलेली माणसं शोधून आणली. देशभर दीडशेहून अधिक केंद्रं झाली. १९९६ मध्ये पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न धर्मांतराचा येतो. रूथ यांचे रुग्ण बहुतेक मुसलमान होते आणि सहकारीही बहुतेक मुसलमानच. त्यांच्या श्रद्धेनं त्यांना त्या वस्तीत नेलं, यात शंका नाही. तिथे गेल्यावर त्यांनी जे केलं ते जखमा धुणं, औषध देणं, माणूस घरी परत पोचवणं. आपले बाबा आमटे आनंदवनात हेच करत होते. बाबांना १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रूथ यांना २००२ मध्ये. मधली सरहद्द या दोघांच्या कामाला लागू नव्हती.

१९ ऑगस्ट २०१७ ला सेंट पॅट्रिक कॅथिड्रलमध्ये रूथ यांचा अंत्यविधी सरकारी इतमामात झाला. राष्ट्रध्वजात गुंडाळलेली पेटी सैनिकांनी वाहिली. कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलला त्यांचं नाव दिलं गेलं. आजी ते ऐकून म्हणाली, "आम्ही जिवाच्या भीतीनं कराची सोडली. ही परकी बाई, तिला थांबवणारं तिथं कोणी नव्हतं, तरी राहिली." थोड्या वेळानं विचारलं, "मग आता त्या लोकांची बोटं झडत नाहीत ना?"

वेळेत औषध मिळालं तर नाही झडत. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या भारतात असतात. लोक चट्टा लपवतात, कारण आपण अजून लांबूनच नाणं टाकतो. घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या कुणाच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला, तर त्याच्याशी बोला आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा. सोबत जा.