शालेय उपस्थिती, खानदेशातील

प्राथमिक शाळेच्या पटावर नाव असणे आणि वर्गात हजर असणे या दोन भिन्न गोष्टी होत. खानदेशात (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) या दोहोंतील अंतर प्रामुख्याने शेतीच्या हंगामाने ठरविले. कापूस हे येथील प्रमुख नगदी पीक. त्याची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन पौषापर्यंत, म्हणजे ऐन शालेय सत्रात चालते. वेचणीस बळापेक्षा चपळ बोटे लागतात. त्यामुळे मुलांच्या श्रमाला या पिकात मागणी राहिली. निंदणी, गुरे राखणे व धाकटी भावंडे सांभाळणे ही गैरहजेरीची इतर नित्याची कारणे होत.

प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. शेजारच्या बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये अशी सक्ती राज्यभर लागू केली. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गो. कृ. गोखले यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या विधेयकात अनुपस्थितीची समर्थनीय कारणे नमूद होती: आजारपण, घरगुती निकड, शेतीची हंगामी गरज इत्यादी. या सवलतीस निव्वळ पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. ती नसती, तर दंडाचा भार गरीब पालकांवरच पडला असता. परंतु घरगुती निकडीचा अर्थ व्यवहारात मुलीला घरी ठेवणे असा होतो आणि भूमिहीन मजुराच्या मुलाबाबत हंगामाची गरज ही पुष्कळदा शेतमालकाची असते. निकड कोणाची, हा प्रश्न मसुद्याने विचारला नव्हता.

मुंबई इलाख्यात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना व १९२३ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डांनाही सक्ती करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने पालकांवरील बंधन अधिक स्पष्ट केले. १९६२ मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरविणे, दीर्घ सुट्टीचे काही दिवस सणांसाठी वळते करणे, अशा सोयी रूढ झाल्या. आखाजी उन्हाळ्यात येत असल्याने तिची अडचण नसते. सातपुड्यातील पावरा वस्त्यांत मात्र होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारांच्या दिवसांत हजेरीपट ओस पडतो, हे तेथील शिक्षक जाणतात.

यापेक्षा अवघड प्रश्न स्थलांतराचा होय. बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी धुळे भागातील मजूर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिवाळीनंतर सहकुटुंब जाऊ लागले. ते परतत उन्हाळ्यात. सहा महिन्यांच्या या गैरहजेरीस रजेचा अर्ज नसे. मागासवर्गीय, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना १९९२ पासून दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. १९९५ पासून मुलांना दरमहा तीन किलो तांदूळ देण्याची योजना आली. पहिल्यासाठी ७५ टक्के, दुसऱ्यासाठी ८० टक्के हजेरीची अट होती. साहजिकच ज्यांना शाळा सोडावी लागे, तेच लाभास मुकत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) याने उपस्थितीची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरण यांवर टाकली, तसेच स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले. महाराष्ट्रात त्यासाठी हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी कार्ड ही साधने योजण्यात आली. वसतिगृहात मूल गावीच राहते. कार्ड घेऊन गुजरातेत गेलेल्या मुलास प्रवेश मिळाला, तरी तेथील बहुतांश शाळांचे माध्यम गुजराती असते.