आनंदवन : बहिष्कारानंतरची वसाहत
कुष्ठरोग, ज्याला लोकव्यवहारात ‘महारोग’ म्हणत, हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानून रोग्याला गावकुसाबाहेर काढण्याच्या रूढीला १८९८ च्या कायद्याने, म्हणजे निर्धन रोग्यांना पकडून आश्रमात डांबण्याच्या तरतुदीने, सरकारी बळच दिले. तत्कालीन चांदा जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा आमटे व साधनाताईंनी १९५१ मध्ये सहा रोग्यांसह आनंदवन वसवले. झडलेल्या बोटांच्या हातांनीच तेथे विहीर खणली, शेती उभी केली. परंतु त्या शेतातली भाजी विकत घ्यायला गाव प्रारंभी धजावत नसे, आणि ही भीती रोगाहून अधिक चिवट होती. पुढे याच हातांनी बांधलेल्या महाविद्यालयात परिसरातील मुले शिकू लागली, अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही निघाल्या. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून मात्र २०१९ मध्येच वगळले गेले.