४६८ वर्षांनी उघडलेली फाईल

खुनाचा तपास म्हटला की प्रेत लागते, साक्षीदार लागतात, निदान एखादे हत्यार तरी लागते. जोसेफाइन टे यांच्या १९५१ साली निघालेल्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ ह्या इंग्रजी रहस्यकादंबरीत यांतले काहीच नाही. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडला आहे आणि छताकडे पाहून कंटाळला आहे. चेहऱ्यावरून माणूस पारखण्याचा त्याला नाद, म्हणून त्याची नटी मैत्रीण त्याला जुन्या तसबिरींचा गठ्ठा आणून देते. त्यातला एक चेहरा त्याला न्यायाधीशाचा वाटतो. निघतो तो तिसऱ्या रिचर्डचा! पुतण्यांचा खुनी म्हणून इंग्लंडातले शाळकरी पोरही ज्याला ओळखते, तो हा राजा.

हकीकत थोडक्यात अशी. १४८३च्या एप्रिलात चौथा एडवर्ड वारला. थोरला मुलगा बारा वर्षांचा, धाकटा नऊचा. कारभार काका रिचर्डकडे आला. भावाचा विवाहच बेकायदा होता, सबब मुले अनौरस, असे ठरून जूनमध्ये काकाच गादीवर बसला. लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेली मुले त्या उन्हाळ्यानंतर कुणाला दिसली नाहीत. दोन वर्षांनी बॉस्वर्थच्या लढाईत रिचर्ड पडला आणि सातवा हेन्री राजा झाला.

काका, पुतण्या आणि गादी म्हटल्यावर आपल्याला शनिवारवाडा आठवणारच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री त्याच काळात, त्याच दरबारात होते. इंग्लंडात त्या वेळी कुणी रामशास्त्री निघाला नाही. निघाला तो साडेचारशे वर्षांनी, तोही कादंबरीत आणि पलंगावर पडलेला.

ग्रँटची तपासाची रीत मात्र अस्सल पोलिसी आहे. कोण काय म्हणतो ह्यापेक्षा तो ते केव्हा आणि कुणाच्या घरात बसून म्हणतो, हे तो आधी विचारतो. रिचर्डच्या दुष्टपणाचे ठळक चित्र रंगवले ते सर टॉमस मोर यांनी. रिचर्ड मेला तेव्हा मोर सात वर्षांचे, आणि पुढे त्यांचे बालपण गेले ते मॉर्टन ह्या रिचर्डच्या हाडवैऱ्याच्या घरी! त्यांच्या मजकुरावर शेक्सपियरने नाटक उभे केले आणि नाटकापुढे कागद कोण वाचतो? मुले अनौरस ठरल्यावर रिचर्डला त्यांची भीती कसली, असे ग्रँट विचारतो. उलट हेन्रीने त्यांच्या बहिणीशी लग्न करायचे म्हणून ती औरस ठरवली, त्याबरोबर भाऊही औरस झाले आणि गादीचा हक्क त्यांचा झाला. रिचर्डच्या हक्काचा तो कायदा हेन्रीने न वाचताच रद्द करवला, प्रती नष्ट करवल्या. मुलांच्या आईने १४८४ साली आपल्या मुली रिचर्डच्याच हवाली केल्या, हाही मुद्दा बिनतोड वाटतो.

आपल्या भागात एकाच घरात दोन माध्यमांची पाठ्यपुस्तके असतात आणि एकीतला नायक दुसरीत दोन ओळींत आटोपलेला असतो. अशा घरातल्या वाचकाला ग्रँटचे प्रश्न नवे वाटणार नाहीत.

पण वकिली वाचताना सावध राहावे लागते, आणि टेबाई इथे वकील आहेत. हेन्रीने रिचर्डवर ठेवलेल्या दोषारोपात मुलांच्या खुनाचा उल्लेखच नाही, हा त्यांचा मोठा आधार. प्रत्यक्षात त्या मसुद्यात बालकांचे रक्त सांडल्याचे शब्द आहेत. दोमिनिको मांचिनी ह्या इटालियन पाहुण्याने १४८३च्याच डिसेंबरात लिहून ठेवले होते की मुले दिसेनाशी झाली आणि लोक त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आणत. म्हणजे संशय हेन्री येण्यापूर्वीचाच. हा वृत्तांत १९३६ साली, कादंबरीच्या पंधरा वर्षे आधी, छापून आला होता. टॉवरमधून मुले नाहीशी झाली ती रिचर्डच्या राज्यात, आणि ‘ही पाहा, जिवंत आहेत’ असे त्याने कधी दाखवले नाही. माझ्या मते आरोपीच्या विरुद्ध सर्वांत जड पुरावा हाच. हेन्रीवरचा संशय त्यापुढे फिका पडतो.

तरीही ह्या पुस्तकाने एका मेलेल्या माणसाला वकील दिला, हे खरे. १९९० साली ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने शंभर उत्तम रहस्यकथा निवडल्या, तेव्हा पहिला मान ह्याच पुस्तकाला मिळाला. २०१२ साली लेस्टर शहरात मोटारी ठेवण्याच्या जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा वाकडा होता, पण शेक्सपियरचा वाळलेला हात कुठेच नव्हता. २०१५ साली त्याला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये रीतसर पुरले.

पुतण्यांचे काय? १६७४ साली टॉवरच्या एका जिन्याखाली दोन मुलांची हाडे सापडली. ती वेस्टमिन्स्टर ॲबीत संगमरवरी कलशात ठेवली आहेत. १९३३ साली कलश उघडून तपासणी झाली, पण तेव्हा डीएनएची परीक्षा नव्हती. त्यानंतर तो कलश उघडलेला नाही.