पुरंदर ते पेकिंग : वस्त्रांचे राजकारण

शिवऱ्याच्या आमच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांची एक बाराबंदी आहे. एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा आणि बंद बांधायचे. बटण एकही नाही. मांचू लोकांच्या पोशाखाविषयी वाचताना मला तीच आठवत राहिली. त्यांचा झगाही असाच एका पदरावर दुसरा पदर घेऊन उजव्या कुशीला बंद होई. पण त्या झग्याच्या मागे राजाज्ञा होती. आमच्या बाराबंदीच्या मागे कोण होते, या प्रश्नावरून हा शोध सुरू झाला.

मांचू हे चीनच्या ईशान्येकडचे, घोडा आणि धनुष्य यांवर वाढलेले लोक. झगा तंग, बाह्या निमुळत्या, घेराला घोड्यावर मांड टाकता यावी म्हणून चिरा. बाहीचे टोक घोड्याच्या खुरासारखे, हाताची पाठ थंडीपासून झाकणारे. 1636 मध्ये हाँग ताइजीने आपल्या सरदारांना बजावले, की चिनी पद्धतीच्या रुंद बाह्या घातल्या तर धनुष्य आणि घोडा दोन्ही सुटतील. 1644 मध्ये पेकिंग हाती आले आणि पुढच्याच वर्षी जिंकलेल्या चिनी पुरुषांवर हुकूम सुटला : कपाळावरचे केस काढा, मागे वेणी ठेवा. न मानणाऱ्याला मृत्युदंड होता. दक्षिणेतल्या कित्येक गावांनी त्यापायी रक्त सांडले. चिनी स्त्रियांचा वेष मात्र बहुतांशी तसाच राहिला. 1759 मध्ये चिएनलुंग बादशहाच्या काळात दरबारी पोशाखाचा सचित्र नियमग्रंथ सिद्ध झाला. घेराला चिरा किती, हेसुद्धा दर्जावर ठरे : राजकुळाला चार, इतरांना दोन.

आपल्याकडे अशी सक्ती नव्हती. पण वस्त्रांवाचून सत्ताही नव्हती. मोगल दरबारात खिलत स्वीकारणे म्हणजे देणाऱ्याचे वरचेपण मान्य करणे. म्हणूनच मे 1666 मध्ये आग्र्याच्या दरबारातून संतापून निघालेल्या शिवाजी महाराजांनी समजुतीसाठी देऊ केलेला सिरोपाव नाकारला, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे मराठी राज्यात हीच रीत वेगळ्या मुक्कामी आली. 17 नोव्हेंबर 1713 रोजी मांजरी येथे शाहू छत्रपतींनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे दिली. तिवट, जामेवार, किनखाप, शेला हे कापड; सोबत शिक्केकट्यार. तेव्हापासून पेशवाई ‘मिळते’ असे कोणी म्हणत नसे, पेशवाईची ‘वस्त्रे’ मिळत.

या वस्त्रांचे खरे वजन कळते ते आमच्या गावापासून पूर्वेला, डोंगरांपलीकडच्या पुरंदरावर. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा खून झाला आणि पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांना मिळाली. बारभाईंनी गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेले. 18 एप्रिल 1774 रोजी मुलगा झाला, आणि 28 मे रोजी, चाळीस दिवसांच्या त्या बाळाला, सवाई माधवरावांना, साताऱ्याहून आलेली वस्त्रे देण्यात आली. बाळाला ती अंगावर घेणे शक्यच नव्हते. तरीही त्याच दिवशी रघुनाथरावांच्या वस्त्रांतला जीव गेला. त्यांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि युद्ध पेटले. ते 1782 च्या सालबाईच्या तहाने मिटले.

पेकिंगलाही पुढे असेच घडले. 2 डिसेंबर 1908 रोजी तीन वर्षेही पूर्ण न झालेल्या पु-यीला सिंहासनावर बसवले आणि ते मूल रडू लागले. मात्र पुरंदरच्या बाळामागे बारभाई उभे होते, पेकिंगच्या मुलामागची सत्ता पोकळ झाली होती. 12 फेब्रुवारी 1912 रोजी त्याच्या नावाने राज्यत्याग जाहीर झाला. लोकांनी वेण्या कापल्या; अडीचशे वर्षांपूर्वी धाकाने ठेवलेल्या त्या वेणीसाठी आता काहीजण रडलेही.

आपल्याकडे वस्त्रांचा मान आधीच उतरला होता. 1796 या एकाच वर्षी आधी चिमाजीअप्पांना आणि मग दुसऱ्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. देणारा सातारकर छत्रपती नावापुरता उरला होता आणि वस्त्रे कोणाला द्यायची हे पुण्यातल्या फौजा ठरवत होत्या. कापड तेच होते. त्यामागचा हात बदलला होता.

मला सापडलेले उत्तर एवढेच. बाराबंदीच्या मागे कोणाचा हुकूम नव्हता, म्हणून ती कोणाच्या दफ्तरातही नाही. किनखापाची नोंद यादीत होते, कारण तो देणारा कोणीतरी मोठा असतो. बाराबंदी शेतकऱ्याने स्वतःसाठी शिवून घेतली, अंगावर विरेपर्यंत वापरली. ती गेली तेव्हा कोणी वेणीसारखी कापली नाही. सदरा आला आणि ती मागे राहिली. आमच्या घरात तिचे बंद कोणत्या क्रमाने बांधायचे, हे आज फक्त माझ्या आईला आठवते. या दिवाळीत मी तिच्याकडून ते लिहून घेणार आहे. वाचकांच्या माळ्यावरही अशी एखादी ट्रंक असेल, तर ती यंदा उघडावी.