बहावा: फुलांचे फोटो सगळ्यांकडे, शेंगेची गोष्ट कुणाकडे?

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांनी निवांत वाचा, ऐकलेल्यांनीही वाचा, कारण बोलताना काही गोष्टी सुटल्या होत्या, त्या इथे घेतल्या आहेत.

एप्रिल संपत आला की नागपुरात घराबाहेर पडवत नाही. आणि नेमकं तेव्हाच सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स भागात बहावा फुलतो. पिवळी झुंबरं टांगल्यासारखी. मग फोटो, स्टेटस, रील, सगळं रीतसर होतं. पण त्याच झाडाकडे पुढच्या वेळी जरा नीट बघा. फुलांच्या मधूनच काळ्या, दंडुक्यासारख्या, हातभर लांब शेंगा लोंबत असतात. गेल्या वर्षीच्या. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. सकाळी झाडणारे त्या गोळा करून कचऱ्यात टाकतात.

आजची गोष्ट त्या शेंगेची आहे. कारण मंडळी, दोन हजार वर्षं हे झाड जगाला माहीत होतं ते फुलांमुळे नाही. पोट साफ करणारं औषध म्हणून!

शेंगेत आहे काय?

शेंग फोडली की आत एकावर एक रचलेल्या चकत्यांसारखे कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्यात एक बी, आणि तिच्याभोवती काळा, चिकट, गोडसर गर. जुन्या दुकानदारांच्या भाषेत हा ‘मगज’. आणि बहाव्याचं बाजारातलं एक नाव ‘गिरमाळा’. शेंग कानाशी हलवून बघायची. आत बिया खुळखुळल्या तर गर वाळून गेला, माल हलका. आवाज आला नाही तर गर भरपूर.

जंगलात हा गर माकडं खातात, कोल्हे खातात, अस्वलं तर आवडीने खातात. बिया त्यांच्या पोटातून दूरवर जातात. म्हणजे झाडाने गर बनवला तो आपल्यासाठी नाही. आपण नंतर आलो.

वैद्यांनी केलेली वर्गवारी

चरकसंहितेत ‘कल्पस्थान’ नावाचा एक अख्खा विभाग आहे. पहिले सहा अध्याय उलटीच्या औषधांचे, पुढचे सहा रेचकांचे. त्यातला एक पूर्ण अध्याय बहाव्यावर. तिथे त्याचं नाव ‘चतुरंगुल’. आरग्वध, राजवृक्ष, कृतमाल ही आणखी काही नावं.

आता खरी गंमत ऐका. चरकाने रेचकांची प्रतवारी लावलीय. सुखाने पोट साफ करणाऱ्यांत निशोत्तर श्रेष्ठ. तीव्र रेचकांत निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक. आणि सौम्य रेचकांत बहावा. म्हणजे प्रश्न ‘पोट कशाने साफ होतं’ एवढाच नव्हता. प्रश्न होता, समोर बसलेल्या माणसाला किती झेपेल? तो म्हातारा आहे, अशक्त आहे, की लहान मूल आहे?

कृतीही ठरलेली. चांगल्या पिकलेल्या शेंगा निवडायच्या, सात रात्री वाळूत पुरून ठेवायच्या, मग काढून उन्हात वाळवायच्या, गर काढायचा आणि स्वच्छ भांड्यात ठेवायचा. चार ते बारा वर्षांच्या मुलांना तो द्राक्षाच्या रसातून द्यायचा. वय लिहिलंय, अनुपान लिहिलंय. झाडाखालची शेंग उचलली आणि खाल्ली, असा प्रकार नाही.

गोव्याहून थेट कॅरिबियनला

अरबी आणि यूनानी हकिमांनी हे औषध उचललं. त्यांच्याकडे त्याचं नाव ‘खियार शंबर’. गर आतड्याला चिकटू नये, मुरडा येऊ नये म्हणून ते बदामाचं तेल सोबत देत. बघा, इथेही काळजी तीच. आपला ‘जुलाब’ हा शब्दही त्याच जगातून आलेला. मूळ फारसी गुल-आब, म्हणजे गुलाबपाणी. गोड सरबतातून औषध द्यायचे, आणि सरबताचं नावच शेवटी परिणामाला चिकटलं!

अरबांकडून बहावा युरोपात पोचला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात त्यावर प्रकरण लिहिलं. पण त्याआधीच स्पॅनिश लोकांनी हे झाड कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनियोला बेटावर लावून विकायला सुरुवात केली होती. १५१८-१९ च्या सुमारास तिथे मुंग्यांचा असा उपद्रव झाला की संत्र्याच्या आणि बहाव्याच्या बागा उजाड झाल्या. लास कासास या पाद्र्याने त्याचं वर्णन करून ठेवलंय. आपल्या रानातल्या शेंगेच्या बागा, अर्ध्या जगापलीकडे!

आणि मग नागपूर, १८१८

आता घरी परत येऊ. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पाठोपाठ १८१८ मध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, नागपूरपर्यंत आला. बंगालमधून निघालेली ती साथ फौजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटांनी सरकत होती.

त्या काळी कंपनीच्या डॉक्टरांचं आवडतं हत्यार होतं कॅलोमेल. हे पाऱ्याचं संयुग, आणि रेचक! ते अफूच्या अर्कासोबत कॉलऱ्याच्या रुग्णाला द्यायचे, वर रक्तही काढायचे. ज्याच्या शरीरातलं पाणी आधीच वाहून चाललंय, त्यालाच. हे डॉक्टर दुष्ट नव्हते. पण ‘शरीरातली घाण बाहेर काढली की रोग जातो’ ही कल्पना इतकी पक्की होती की समोरचा माणूस दिसेना.

कॉलऱ्यात रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातात, हे १८३१-३२ मध्ये विल्यम ओ’शॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने दाखवलं. पुढे हाच माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने भारतीय औषधांची मोठी नोंद करणारा ग्रंथ लिहिला. १८६८ मध्ये वेअरिंग यांनी संपादित केलेली ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ आली. त्यात बहाव्याचा गर होता. ब्रिटिश औषधकोशातल्या सोनामुखीच्या अवलेहातही अंजीर आणि चिंचेसोबत तो पडायचा.

त्याच काळातलं दुसरं टोक म्हणजे जमालगोटा. सिनेमात कुणाच्या तरी जेवणात घालून आपल्याला हसवतात ना, तोच. त्याच्या तेलाची अधिकृत मात्रा होती अर्धा ते एक थेंब. पुढे १९४० च्या दशकात प्रयोगशाळेत कळलं की हे तेल उंदरांच्या कातडीवर कर्करोगाच्या गाठी वाढवायला मदत करतं. जमालगोटाही वनस्पतीच, आणि नैसर्गिकच, बरं का!

मग बहावा निर्धोक का?

नाही. बहाव्याच्या गरात सोनामुखीसारखीच अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती मोकळी करतात, मग आतड्याची हालचाल वाढते. म्हणून असली औषधं रात्री घेतली की सकाळी परिणाम दिसतो. जास्त झालं तर मुरडा, पातळ जुलाब, आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला हे महागात पडू शकतं.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. जुन्या वैद्याचं ज्ञान ‘बहाव्याने पोट साफ होतं’ या वाक्यात नव्हतं. ते अस्वलालाही ठाऊक असावं. ज्ञान होतं ते वाळूतल्या सात रात्रींत, मुलाच्या वयात, द्राक्षाच्या रसात, आणि ‘याला तीव्र औषध झेपणार नाही’ हे ओळखण्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते फक्त पहिलं वाक्य. बाकीचं गळून पडतं.

तेव्हा या उन्हाळ्यात बहाव्याखाली थांबाल तर एक शेंग उचला. कानाशी धरून हलवा. फोडून मुलांना आतल्या चकत्या दाखवा, गर बोटाला किती चिकटतो ते बघू द्या. तोंडात मात्र घालू देऊ नका. घरात कुणाला बद्धकोष्ठतेचा त्रास असेल तर डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जा.

तुमच्या आजी-आजोबांकडे गिरमाळ्याची काही आठवण असेल तर त्यांना विचारा, आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर उन्हात फिरू नका, आणि पाणी भरपूर प्या!