वारली पोर्ट्रेटला नाक-डोळे का नसतात?

टॅबवर स्वतःचं वारली शैलीतलं पोर्ट्रेट काढताय? मग नाक-डोळे विसरा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं. चेहरा बहुधा कोराच. माणूस ओळखायचा तो कामावरून: तारपा वाजवणारा, भात लावणारी. नायगावच्या चाळीतली वारली मुलगी स्वतःला लोकलमध्ये लटकतानाही काढू शकते.

मूळ चित्रं लग्नघरात सवाष्णी काढायच्या, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं. ती कागदावर आणून जगभर नेली जिव्या सोमा म्हसे यांनी (पद्मश्री, २०११).

स्क्रीनवर गेरू रंगाचा लेयर, त्यावर पांढरा ब्रश. रेष गुळगुळीत नको. मूळ ब्रश म्हणजे टोक चावलेली बांबूची काडी. आणि तुम्ही वारली नसाल, तर पोस्टमध्ये ‘माझा वारसा’ लिहू नका. ‘वारली शैली’ लिहा.