वोल्खोव्हकाठच्या चिठ्ठ्या

आज आपण जाऊ रशियाच्या वायव्येला, इल्मेन नावाच्या तळ्यावर. या तळ्याला पन्नासेक नद्या येऊन मिळतात, बाहेर पडते मात्र एकच, वोल्खोव्ह. ती उत्तरेकडे लाडोगा नावाच्या अफाट सरोवरात जाते. उतार इतका थोडा, की तळ्याचं पाणी खाली गेलेलं असताना पुढच्या उपनद्यांना पूर आला, तर नदी चक्क उलटी वाहते!

सगळा मुलूख जंगलाचा आणि दलदलीचा. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घसरगाडी. त्यामुळे वस्ती झाली ती पाण्याकाठीच. नदीच्या खालच्या अंगाला लाडोगा हे गाव आठव्या शतकात वसलं. पुढे, नदी तळ्यातून निघते तिथे जवळच नोव्हगोरोद हे मोठं शहर उभं राहिलं. इथून व्यापारी लोवात नदीने दक्षिणेला जात. नदी संपली की होड्या जमिनीवरून ओढत नेत आणि नीपर नदीने थेट काळा समुद्र गाठत. इकडून केसाळ कातडी, मेण, मध जाई. तिकडून रेशीम येई, अक्रोडसुद्धा.

नोव्हगोरोदची माती ओली, चिकट. तिच्यात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. रस्ते ओंडक्यांचे, ते चिखलात रुतले की वर नवे ओंडके टाकायचे. एका रस्त्याचे असे 28 थर निघाले. 26 जुलै 1951 रोजी खोदकामावरच्या नीना अकुलोवा यांना तिथे भूर्जाच्या सालीची गुंडाळी मिळाली, टोकदार सळईने अक्षरं कोरलेली. तेव्हापासून अशा हजाराहून जास्त चिठ्ठ्या सापडल्या. उधारी, मासे, धान्य, भांडणं, सगळं त्यात आहे. राजेरजवाड्यांच्या बखरींपेक्षा आम्हाला याच जास्त मोलाच्या वाटतात, कारण यात बायका बोलतात.

नास्तास्या भावांना कळवते, की माझा बोरिस गेला, आता माझ्याकडे आणि लेकरांकडे बघा.

बाराव्या शतकातली गोस्त्याता वासिल नावाच्या माणसाला लिहिते. बापाने दिलेलं, नातलगांनी दिलेलं, आपण ज्याला स्त्रीधन म्हणतो ते सगळं नवऱ्याच्या ताब्यात. तो आता दुसरी बायको करतोय, हिला मात्र काहीच देत नाही, घराबाहेर काढलंय. शेवटी ती वासिलला एवढंच विनवते, की कृपा करून ये.